लेबल शेवटी वाचा: गुहाचित्रांपासून रोमपर्यंतची कला कशी अभ्यासायची

प्राचीन कलेच्या इतिहासाशी पहिली गाठ पडते ती बहुधा यादीच्या रूपात. लास्को, विलेनडॉर्फ, नार्मर, पार्थेनॉन, आणि प्रत्येकापुढे एक साल. यादी पाठ होते, पेपरात उतरते आणि महिन्याभरात पुसली जाते, कारण त्या सालाला धरून ठेवणारं काही तिच्यात नसतं. वस्तू कशाची आहे, कोणत्या हत्याराने आणि कोणत्या क्रमाने घडली, केवढी आहे, कुठे उभी होती, तिचा काळ कशावरून ठरवला, एवढं कळलं की साल आपोआप जागेवर बसतं. हे शिकायला पॅरिस-लंडनचं तिकीट लागत नाही. मुंबईत आणि मुंबईच्या आसपास सुरुवातीला पुरून उरेल एवढं आहे.

काळा घोड्याजवळच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयापासून सुरुवात करावी. सगळी दालनं एका फेरीत उरकायच्या फंदात पडू नये. दोन वस्तू निवडाव्यात आणि प्रत्येकीला वीस मिनिटं द्यावीत. पहिली पाच मिनिटं काही लिहायचं नाही, लेबलही वाचायचं नाही. आधी समोरून पाहावं, मग अगदी बाजूने, म्हणजे उठाव किती खोल आहे ते दिसतं. छिन्नीचे ओरखडे कुठे राहिलेत, कुठे घासून गुळगुळीत केलंय? पाठ घडवलीय की तशीच सोडलीय? ती ओबडधोबड असेल तर मूर्ती बहुतेक भिंतीला किंवा कोनाड्याला लागून होती. काय तुटलंय तेही बघावं. नाक, बोटं, हातातली आयुधं आधी जातात, कारण ती दगडातून बाहेर आलेली असतात. बाकी अंग शाबूत आणि फक्त चेहरा फोडलेला असेल, तर तिथे माणसाचा हात असण्याची शक्यता जास्त.

त्यानंतर दहा-बारा रेघांचं स्केच. ते देखणं व्हायची गरज नाही, प्रमाण आणि झुकाव पकडला की झालं. पेन्सिल न्यावी, बऱ्याच संग्रहालयांत शाई चालत नाही. मग वहीत अंदाज लिहावा: दगड कोणता, काळ साधारण कोणता, असं का वाटलं. लेबल वाचायचं ते यानंतर. चुकलेला अंदाज खोडू नये, शेजारी बरोबर उत्तर लिहावं. महिन्याभराने वही चाळली की आपण नेमके कुठे पुन्हा पुन्हा घसरतो ते कळतं. फोटो सगळ्यात शेवटी, कारण तो आधी काढला की डोळा सुटीवर जातो.

मापाचा घोळ इथेच मिटवावा. पुस्तकात आणि मोबाइलवर सगळ्या वस्तू एकाच आकाराच्या दिसतात. विलेनडॉर्फची चुनखडीची स्त्रीमूर्ती ११.१ सेंमी उंच आहे आणि मोहेंजोदडोची काशाची ‘नर्तकी’ १०.५ सेंमी. दोन्ही तळहातावर मावतील. प्रिमा पोर्टाला सापडलेला रोमन सम्राट ऑगस्टसचा पुतळा २.०८ मीटर, तर रोममधला ट्रेजनचा स्तंभ चौथऱ्यासकट ३८ मीटरच्या आसपास, म्हणजे आपल्याकडची बारा मजली इमारत. प्रत्येक स्केचशेजारी त्याच प्रमाणात एक माणूस किंवा एक पंजा काढून ठेवावा. विलेनडॉर्फच्या मूर्तीला पावलं नाहीत, ती आपली आपण उभी राहत नाही. ती हातात धरायची वस्तू असेल ही शक्यता माप कळल्यावरच सुचते.

काळ कसा ठरतो

आधी साधं गणित, कारण सर्वांत जास्त गुण तिथेच जातात. इसवी सनापूर्वीची वर्षं उलटी चालतात. अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराचं काम इ.स.पू. ४४७ला सुरू झालं, ते पाचव्या शतकात, आणि तेही उत्तरार्धात, कारण पूर्वार्ध म्हणजे ५०० ते ४५१. शून्य साल नाही, इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १ येतं. आणि पुरातत्त्वात ‘आजच्या आधी इतकी वर्षं’ असं लिहितात तेव्हा ‘आज’ म्हणजे १९५० हे साल ठरलेलं आहे. म्हणून फ्रान्समधल्या लास्को गुहेतली चित्रं १७,००० वर्षांपूर्वीची आणि इ.स.पू. १५,००० ची, ही दोन्ही विधानं एकच. उत्तरपत्रिकेत मात्र ‘इ.स.पू. १७,०००’ सर्रास सापडतं.

आता ती वर्षं येतात कुठून? सगळ्यांनी ऐकलेली पद्धत रेडिओकार्बनची. जिवंत झाड किंवा प्राणी हवेतला, अन्नातला कार्बन घेत राहतो, आणि त्यात किंचित किरणोत्सारी कार्बन-१४ असतो. जीव मेला की भर थांबते आणि असलेला साठा दर ५,७३० वर्षांनी निम्मा होत जातो. उरलेला मोजला की मृत्यूचा काळ निघतो. याची मर्यादा साधारण ५०,००० वर्षं, कारण तोवर मूळ साठ्याचा चारशेवा हिस्साही धड उरलेला नसतो. एवढ्या जुन्या नमुन्यात अलीकडचा कार्बन एक टक्का जरी मिसळला, तरी ५०,००० वर्षांची वस्तू ३६,००० च्या आसपासची दिसू लागते. म्हणून नमुना घेताना हात लावायचीही चोरी.

यातून दोन गोष्टी निघतात आणि दोन्ही विसरल्या जातात. पहिली: ही पद्धत कोळशाने काढलेल्या रेघेला चालते, गेरूला चालत नाही. गेरू हे लोखंडाचं खनिज आहे, त्यात मोजण्याजोगा सेंद्रिय कार्बन नसतो. भीमबेटकाची तांबडी चित्रं पाहून ‘कार्बन डेटिंग का नाही केलं?’ असं विचारणाऱ्याला हे उत्तर द्यावं. दुसरी: कोळशाचं वय म्हणजे झाड मेल्याचं वय. कुणी हजार वर्षं पडून असलेला कोळसा उचलून आज रेघ मारली, तर यंत्र हजार वर्षंच सांगणार.

गेरूच्या चित्रांसाठी दुसरी वाट आहे. चुनखडीच्या गुहेत पाणी झिरपून चित्रावर क्षाराचा पातळ थर बसतो. पाण्याबरोबर युरेनियम येतं, थोरियम जवळजवळ येत नाही. पुढे युरेनियमचंच थोरियम बनत जातं, आणि त्या दोघांच्या प्रमाणावरून थराचं वय काढता येतं. चित्र थराखाली आहे, म्हणजे ते त्याहून जुनं. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरच्या लेआंग कारामपुआंग गुहेतल्या चित्राला २०२४मध्ये ‘किमान ५१,२०० वर्षं’ हे वय असंच मिळालं. यातला ‘किमान’ हा शब्द कधीही गाळू नये.

मग आपली कोकणातली कातळशिल्पं? राजापूर-रत्नागिरीच्या सड्यांवर जांभ्यात खोदलेली ही चित्रं आहेत. बारसू, उक्षी, देवाचे गोठणे, कशेळी. कशेळीचा हत्ती साधारण १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे आणि त्याच्या पोटात इतर प्राणी कोरलेले आहेत. २०२२पासून ही ठिकाणं युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. पण इथे ना कोळसा, ना क्षाराचा थर. उघड्या कातळावरची खोदाई फक्त झिजते. त्यामुळे आसपास सापडलेली दगडी हत्यारं, कोरलेले पण आता कोकणात नसलेले प्राणी, एका रेषेने दुसरी कापली असेल तर कोणती आधीची, अशा आडवाटेने जावं लागतं. ‘अमुक हजार वर्षं जुनी’ असा छातीठोक आकडा कुणी सांगितला, तर तो कशावरून आला हे विचारावं. पाहायला जाताना पावसाळ्यानंतर, सकाळी लवकर किंवा उन्हं कलताना जावं. तिरप्या उजेडात खाच उमटते, भर दुपारी सडा सपाट दिसतो. रेषा दिसावी म्हणून खडू, चुना किंवा पाणी टाकू नये. त्याने दगडाचा वरचा थर बिघडतो आणि पुढच्या अभ्यासकाचं काम संपतं.

जमलं नाही, की ठरवलं तसं?

कलेचा इतिहास म्हणजे आधी माणसाला नीट काढता येत नव्हतं आणि हळूहळू येऊ लागलं, ही समजूत हा या विषयातला सर्वांत मोठा खड्डा आहे. तज्ज्ञही त्यात पडले. स्पेनमधल्या अल्तामिराच्या छतावरचे गवे १८७९मध्ये लक्षात आले, तेव्हा ते इतके सरस होते की आदिमानवाचे असूच शकत नाहीत म्हणून बनावट ठरवले गेले. सांझ दे साउतुओला या संशोधकाचं म्हणणं खरं होतं हे त्याच्या मुख्य विरोधकाने १९०२मध्ये जाहीर कबूल केलं. साउतुओला १८८८मध्येच वारला होता. पुढे १९९४मध्ये फ्रान्समध्ये शोवे गुहा सापडली. तिथली सिंह-घोड्यांची चित्रं लास्कोच्या जवळपास दुप्पट जुनी, आणि छायांकनात कुठेही कमी नाहीत.

इजिप्तची आकृती हा याच प्रश्नाचा उत्तम सराव आहे. चेहरा बाजूने, डोळा समोरून, खांदे समोरून, पाय पुन्हा बाजूने. प्रत्येक अवयव जिथून पुरा ओळखू येतो तिथून काढायचा, हा नियम. तो हातात उतरायला एक संध्याकाळ पुरते. एका कागदावर एकेक सेंटिमीटरच्या घरांची चौकट आखा आणि उभ्या पुरुषाला तळपायापासून केसांच्या रेषेपर्यंत १८ घरं द्या. गुडघ्याचा वरचा भाग सहाव्या रेषेवर, कमरेचा आत गेलेला भाग अकराव्या, कोपर बाराव्या, स्तनाग्र चौदाव्या, मान खांद्याला मिळते ती सोळाव्या, केसांची कड अठराव्या. खांद्यांची रुंदी सुमारे सहा घरं. बहुतेकांचं बिघडतं ते पावलांत: इजिप्शियन आकृतीत बऱ्याचदा दोन्ही पावलं आतल्या बाजूने दिसतात, म्हणजे दोघांचा अंगठाच पुढे. उत्तरकाळात ही चौकट बदलली, वरच्या पापणीपर्यंत २१ घरं झाली. तेव्हा घरं मोजता आली की काळाचाही अंदाज बांधता येतो.

मेसोपोटेमियासाठी (आजचा इराक) संग्रहालयातली, निमरूद या असीरियन राजधानीतल्या राजवाड्याची उठावशिल्पं पाहावीत. निमरूद खणणाऱ्या इंग्रज लेयार्डच्या उत्खननातली लंडनला निघालेली काही खोकी मुंबईमार्गे गेली होती, त्यामुळे या दगडांची आणि या बंदराची ओळख जुनी आहे. जिप्समसारख्या मऊ दगडाच्या पाट्या असल्यामुळे दाढीचा एकेक कुरळा पीळ काढता आला. त्याच मऊपणामुळे पावसाळी हवेत त्या उघड्यावर टिकल्या नसत्या. निमरूदच्या वायव्य राजवाड्यातल्या पाट्यांवर कीलाक्षरी मजकूर आकृत्यांच्या अंगावरूनच सरळ गेलेला असतो. आपल्याला ते चित्र खराब केल्यासारखं वाटतं, त्यांना तसं वाटत नव्हतं. दरवाजावरच्या पंखवाल्या मानवमुखी बैलाला पाच पाय का, हे पाहायला फोर्टमधल्या माणेकजी शेठ अग्यारीच्या बाहेर उभं राहून त्या कल्पनेचे मुंबईतले वारसदार बघावेत (पारशी नसलेल्यांना आत प्रवेश नसतो, रस्त्यावरूनच पाहायचं). मूळ असीरियन मूर्तीत समोरून दोन पाय दिसतात आणि ती उभी वाटते. बाजूने चार दिसतात आणि ती चालते. दोन्ही दृश्यं पुरी करायची तर कोपऱ्यावर एक पाय जास्त लागतो.

सिंधू संस्कृतीवर इथे फार थांबत नाही. नर्तकी मेणाचा नमुना वितळवून पोकळ झालेल्या साच्यात ओतलेली आहे, आणि तीच परंपरा महाराष्ट्रात पुढे कुठवर गेली हे पाहायचं तर १९७४मध्ये दायमाबादला सापडलेले धातूचे रथ, गेंडा, हत्ती आणि रेडा वाचावेत. चौघांचं मिळून वजन ६० किलोंच्या वर भरतं. क्रीट आणि मायसीनी या ग्रीसच्या आधीच्या संस्कृतींना पहिल्या वाचनात दोन दिवस पुरेत.

काळी आणि तांबडी भांडी

ग्रीक भांड्यांत मात्र वेळ घालवावा, कारण तिथे तंत्र समजलं की शैली पाठ करावी लागत नाही. काळा रंग हा रंग नव्हेच. भांडं ज्या मातीचं, तीच माती पाण्यात निवळून अतिशय बारीक केलेला तो गिलावा असतो. भाजण्याआधी दोन्हींत फारसा फरक दिसत नाही, म्हणजे चित्रकार जवळजवळ आंधळ्यासारखा काम करतो. पुढचं सगळं भट्टीत होतं, एकाच भाजणीच्या तीन टप्प्यांत. आधी हवा मोकळी ठेवून सुमारे ८०० अंशांपर्यंत: लोखंडामुळे सगळं तांबडं. मग हवा बंद, आत ओलं लाकूड, तापमान ९५० च्या आसपास: ऑक्सिजन तुटतो, सगळं काळं पडतं, आणि बारीक गिलावा वितळल्यासारखा होऊन काचेगत मिटतो. शेवटी तापमान उतरताना हवा पुन्हा आत. भांड्याचं अंग सच्छिद्र, ते परत तांबडं होतं. मिटलेल्या गिलाव्यात हवा शिरत नाही, तो काळाच राहतो.

चुकतं तेही यावरूनच समजतं. मधला टप्पा पुरेसा तापला नाही तर गिलावा मिटत नाही आणि शेवटी तपकिरी-तांबूस होतो. भांडी एकमेकांना टेकली असतील तर तिथे डाग राहतो. हवा बंद करून काळं आणण्याची युक्ती आपल्याही कुंभारांची: ताम्रपाषाण आणि महापाषाण काळातली काळी-तांबडी भांडी बहुधा उपडी ठेवून भाजत, त्यामुळे आतून आणि काठाला काळी, बाहेर खाली तांबडी. कारण एकच आहे म्हणून उगाच ग्रीसशी नातं जोडायला जाऊ नये. माती आणि आग सगळीकडे सारखी वागते.

काळ्या आकृतीच्या पद्धतीत माणसं गिलाव्याने भरायची आणि तपशील टोचणीने खरवडायचे. इ.स.पू. ५३०-५२० च्या सुमारास अथेन्समध्ये उलटं सुरू झालं: पार्श्वभूमी काळी, आकृती मातीच्या रंगाची, तपशील कुंचल्याने. खरवडलेली रेघ ताठ असते, कुंचल्याची जाड-बारीक होते. मग स्नायू, वळलेली पाठ, समोर आलेलं पाऊल शक्य झालं. संग्रहालयात शंका आली तर रेघ खाच आहे की उंचवटा एवढं पाहावं.

संगमरवर खोटं का बोलतो

सुरुवातीचा ग्रीक कूरोस, म्हणजे नग्न तरुणाचा उभा पुतळा, इजिप्तसारखा ताठ, डावा पाय पुढे, दोन्ही पायांवर सारखं वजन. इ.स.पू. ४८० च्या सुमाराचा ‘क्रिटिओसचा मुलगा’ या नावाने ओळखला जाणारा पुतळा पाहा: भार एका पायावर, त्या बाजूचा नितंब वर, दुसरा गुडघा सैल. आरशासमोर एका पायावर रेलून उभं राहिलं की फरक शरीराला कळतो. भारतीय मूर्तिकलेतला त्रिभंग ओळखणाऱ्याला इथे सोपं वाटेल, पण घाई नको: त्रिभंगात लय आणि अलंकार पुढे असतात, ग्रीक पुतळ्यात वजनाचा हिशेब.

आता मोठी अडचण. ग्रीकांचे नावाजलेले पुतळे बऱ्याच अंशी काशाचे होते आणि कासं पुढे वितळवून वापरलं गेलं. शिल्पकार पॉलिक्लाइटोसचा भालाधारी, मूळ साधारण इ.स.पू. ४४०चा, आपल्याला पॉम्पेईत सापडलेल्या रोमन संगमरवरी प्रतीतून माहीत आहे. पोकळ ओतलेलं कासं हलकं आणि चिवट, घोट्यावर उभं राहतं. संगमरवर जड आणि ठिसूळ, घोट्याला मोडतो. म्हणून प्रत करणारा पायाशी झाडाचं खोड ठेवतो, मनगट आणि मांडीमध्ये दगडाची काडी सोडतो. असं खोड दिसलं की मूळ काशाचं असण्याची शंका घ्यावी, आणि पुतळा पाहताना ते मनातून पुसावं. समुद्रात बुडाल्यामुळे वाचलेले रिआचेचे दोन काशाचे वीर १९७२मध्ये बाहेर आले, तेव्हा मूळ कसं दिसत असेल याचा अंदाज आला: तांब्याचे ओठ, वेगळे बसवलेले डोळे.

पांढरेपणाही असाच फसवा. पुतळे आणि मंदिरं रंगवलेली होती, रंग उडाला. जे. जे. स्कूल ऑफ आर्टची १८५७मध्ये सुरुवात झाल्यावर प्लास्टरच्या पांढऱ्या प्रतींवरून ड्रॉइंग शिकवायची युरोपीय रीत इथेही आली आणि ‘अभिजात म्हणजे पांढरं’ हे डोळ्यात पक्कं बसलं.

वास्तुकलेसाठी एशियाटिक सोसायटीच्या टाउन हॉलच्या तीस पायऱ्या चढाव्यात. १८३३मध्ये पुरी झालेली ही इमारत ग्रीक नाही, ग्रीक पद्धत शिकायचा फळा आहे. दर्शनी आठ डोरिक खांब, पार्थेनॉनच्या दर्शनी बाजूइतकेच. खांबावरच्या उभ्या खोबणी, वरची साधी उशी, त्यावरची चौकोनी पाटी स्केच करावी. पार्थेनॉनमध्ये याशिवाय चौथरा मधोमध किंचित फुगवलेला आहे, लांब बाजूला सुमारे ११ सेंमी, आखूड बाजूला ६. फोटोत ते दिसत नाही.

डोरिक माथ्यावरच्या उभ्या पट्ट्या लाकडी तुळयांच्या टोकांची आठवण आहेत, असं रोमन वास्तुकार विट्रुव्हियस सांगतो. त्याच्यावर किती विश्वास ठेवायचा हा वाद आहे. पण दगडाने लाकडाची नक्कल करणं म्हणजे काय, ते कार्ल्याच्या लेण्यात वादाशिवाय दिसतं. ४५ मीटर लांबीच्या त्या चैत्यगृहात कातळाच्या छताला खऱ्या लाकडाच्या कमानी बसवलेल्या आहेत, ज्यांना काहीही पेलायचं नाही. तिथल्याच खांबांवर धेनुकाकट गावच्या यवनांनी (तेव्हा हा शब्द ग्रीकांसाठी वापरत) दान दिल्याचे लेख आहेत.

तिथून रोम फार लांब नाही. पॉम्पेईत १९३८मध्ये हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली, इ.स. ७९च्या ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलेली, म्हणून तिच्या काळाची अलीकडची मर्यादा पक्की. तिच्या जवळच्या बहिणी भोकरदन आणि तेरला मिळाल्या. उलट दिशेने कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत काशाचा छोटा पोसायडन, म्हणजे ग्रीक समुद्रदेव, आला. तो तिथल्या टाउन हॉल संग्रहालयात आहे.

रोमन कलेचा शेवट कॉन्स्टंटाइनच्या कमानीपाशी करावा, इ.स. ३१५. तिच्यावर ट्रेजन, हेड्रियन आणि मार्कस ऑरेलियसच्या जुन्या स्मारकांतून काढलेले डौलदार उठाव बसवलेत, आणि त्यांच्या खाली नव्या पट्ट्यांत बुटकी, मोठ्या डोक्याची, समोर बघणारी माणसं एका ओळीत उभी आहेत. इथेही तोच प्रश्न: कारागीर उरले नव्हते, की सम्राट मधोमध आणि सगळे त्याच्याकडे तोंड करून, हेच दाखवायचं होतं? उत्तर लिहिण्याआधी हेड्रियनच्या गोल उठावांतले सम्राटाचे चेहरे जवळून पाहावेत. ते तासून नव्या राज्यकर्त्यांचे केले आहेत, आणि तासणाऱ्याचा हात चांगला सफाईदार आहे.